राजमुद्रा आणि हात : चिनी शाही पोर्सलीन, काशीचा किनखाब आणि दुर्गाघाटाची मराठी स्मृती

१

काशीच्या दुर्गाघाटाचा उल्लेख मराठी लेखनात जेव्हा येतो, तेव्हा त्याच्यामागून दात्यांची नामावळी ओघानेच येते. पेशव्यांच्या गुरुस्थानी असलेल्या नारायण दीक्षित पाटणकरांनी १७४० च्या सुमारास हा घाट बांधविला. शेजारच्या ब्रह्माघाटाचे श्रेयही परंपरा त्यांनाच देते. नाना फडणवीसांचा वाडा याच परिसरात उभा राहिला. घाटावरून थोडे पुढे सरकले की ही नामावळी लांबत जाते. अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये पूर्ण केलेले विश्वेश्वराचे मंदिर, नागपूरकर भोसल्यांचा घाट, शिंद्यांचा घाट असे एकेक नाव तीत मिळत जाते. अ. स. आळतेकर यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या काशीच्या इतिहासात आधुनिक वाराणसी ही बव्हंशी मराठ्यांची निर्मिती आहे, अशा आशयाचे मत मांडले. पुढील सात दशकांत काशीविषयीच्या मराठी लेखनाने या मताचा आधार इतक्या वेळा घेतला, की त्यातील ‘निर्मिती’ या शब्दाकडे थांबून पाहण्याची गरजच कोणाला भासली नाही.

या वाक्यात निर्मितीचा कर्ता आश्रयदाता आहे. घाटाचे दगड चुनारच्या खाणींतून आले, ते कोणी फोडले, घडविले आणि गंगेच्या पुराला तोंड देतील अशा रीतीने पायावर बसविले, हा प्रश्न त्या वाक्याच्या कक्षेत येत नाही. आज्ञा करणारा, पैसा पुरविणारा आणि प्रत्यक्ष घडविणारा या तीन भूमिका एका क्रियापदात विरघळून जातात. ही केवळ भाषेची सोय आहे असे म्हणून हा प्रश्न बाजूला सारता येतो. तथापि वैभवशाली कारागिरीच्या इतिहासात ही सोय जगभर आढळते आणि तिच्यामागे एक विशिष्ट व्यवस्था उभी असते. त्या व्यवस्थेचे सर्वांत स्पष्ट आणि सर्वांत सुसंघटित रूप चीनच्या शाही पोर्सलीनमध्ये दिसते. म्हणून दुर्गाघाटाच्या मराठी स्मृतीची चिकित्सा करण्यासाठी आधी जिंगदेझेनच्या भट्ट्यांकडे वळणे उपयुक्त ठरते.

२

दक्षिण चीनमधील जिआंग्शी प्रांतातील जिंगदेझेन या नगराचे नावच मुळी राजमुद्रा धारण करून आहे. सुंग वंशातील सम्राट झेन्झोंग याच्या ‘जिंगदे’ या कालखंडावरून (१००४–१००७) ते नाव नगराला मिळाले. नगराजवळच्या गाओलिंग या ठिकाणाची शुभ्र माती पुढे ‘काओलिन’ या नावाने जगाला ठाऊक झाली. ही माती आणि विशिष्ट खडकाची पूड यांचे मिश्रण सुमारे तेराशे अंश सेल्सियस तापमानाला भाजले, की पातळ, कठीण, पाणी न झिरपणारे आणि प्रकाश अंशतः आरपार जाऊ देणारे भांडे तयार होते. युआन राजवटीने १२७८ मध्ये येथे पोर्सलीनसाठी स्वतंत्र कचेरी स्थापन केली. मिंग वंशाच्या काळात दरबारासाठी काम करणाऱ्या शाही भट्टीची व्यवस्था दृढ झाली. श्वान्दे सम्राटाच्या कारकिर्दीपासून (१४२६–१४३५) भांड्यांवर कारकिर्दीची अक्षरे लिहिण्याची प्रथा नियमित झाली. बहुधा भांड्याच्या बुडाशी सहा चिन्हांत वंशाचे व सम्राटाच्या कालखंडाचे नाव येते आणि त्या काळात हे भांडे घडविले, एवढेच विधान ती चिन्हे करतात. घडविणाऱ्याचे नाव तेथे नसते.

त्या अनुपस्थितीला श्रमविभागणीचे कारण आहे. सुंग यिंगशिंग याने १६३७ मध्ये लिहिलेल्या तंत्रविषयक ग्रंथात एक पेला पूर्ण होईपर्यंत बहात्तर हातांतून जातो, असे नोंदविले आहे. १७१२ आणि १७२२ मध्ये जिंगदेझेनहून पत्रे लिहिणाऱ्या दांत्रकोल या फ्रेंच जेझुइट धर्मोपदेशकानेही सत्तरांच्या आसपास हातांचा उल्लेख केला आहे. माती मळणारा, चाकावर घडविणारा, कड साफ करणारा, केवळ रेषा आखणारा, त्या रेषांत केवळ रंग भरणारा, झिलई चढविणारा, भट्टी लावणारा, अशी ही साखळी होती. त्यातील एकाही हाताला संपूर्ण भांडे ‘माझे’ म्हणता येत नव्हते. मालकीचा हा रिकामा राहिलेला अवकाश सम्राटाच्या नावाने भरून निघाला.

शाही आश्रयाने तीन गोष्टी दिल्या हे नाकारता येत नाही : निश्चित मागणी, प्रयोगासाठी लागणारी साधनसामग्री आणि दर्जाविषयीचा अढळ आग्रह. या आग्रहाची दुसरी बाजू उत्खननांतून पुढे आली. १९८० च्या दशकापासून शाही भट्टीच्या परिसरात फोडून पुरलेल्या भांड्यांचे ढीगच्या ढीग सापडले. दरबाराने नाकारलेले भांडे बाजारात जाऊ नये म्हणून ते नष्ट केले जाई. वस्तूचे मोल तिच्या दुर्मीळतेत असेल, तर दुर्मीळतेचे रक्षण करण्यासाठी श्रमाचा नाश करणे हा त्या व्यवस्थेचा तर्कशुद्ध भाग ठरतो. ऐश्वर्यवस्तूच्या इतिहासातील ही अत्यंत बोलकी घटना आहे. येथे नकारालाही उत्पादनप्रक्रियेतील एक टप्पा मानले गेले.

जिंगदेझेनच्या कारागिरांपैकी ज्याचे नाव लोकस्मृतीत टिकले त्याची कथा या संदर्भात अर्थपूर्ण आहे. वानली सम्राटाच्या कारकिर्दीत दरबारासाठी ड्रॅगनची चित्रे असलेली प्रचंड कुंडे भाजण्याची आज्ञा झाली. ती वारंवार फसत गेली आणि कारागिरांचा छळ होऊ लागला. तेव्हा, १५९९ मध्ये, टोंग बिन नावाच्या कुंभाराने जळत्या भट्टीत उडी घेतली, अशी परंपरा आहे. पुढे वारा व अग्नी यांचा देव म्हणून त्याची पूजा होऊ लागली. कारागिराला नाव मिळाले ते मृत्यूनंतर, देवत्वाच्या वाटेने. याला एक अपवाद मात्र नोंदविला पाहिजे. १७२८ मध्ये शाही भट्टीवर आलेला अधिकारी तांग यिंग याने सुरुवातीची तीन वर्षे कारागिरांमध्येच राहून, त्यांच्यातच जेवूनखाऊन काम शिकून घेतल्याचे स्वतः लिहिले आहे. सम्राटाच्या आज्ञेवरून १७४३ मध्ये त्याने पोर्सलीननिर्मितीच्या वीस चित्रांना विवेचनाची जोड दिली. टोंग बिनची कथा जपण्यातही त्याचा वाटा आहे. आश्रयदात्याच्या व्यवस्थेच्या आत राहूनही हाताकडे पाहता येते, हे त्याने दाखवून दिले.

राजमुद्रेची ही कथा चीनच्या सीमेवर संपत नाही. इराणच्या शाह अब्बासने १६११ मध्ये अर्दबीलच्या दर्ग्याला हजाराहून अधिक चिनी भांडी अर्पण केली, तेव्हा त्यांवर आपल्या दानाचा लेख कोरविला. शाहजहानचे नाव कोरलेली चिनी भांडीही उपलब्ध आहेत. एका सम्राटाच्या नावावर दुसऱ्या राजाचे नाव चढते. वस्तू जितकी अधिक मौल्यवान, तितकी तिच्यावर स्वामित्वाच्या नावांची गर्दी होते.

३

काशीचा किनखाब या चित्रासमोर ठेवला असता साम्याआधी भेद दिसतो. मोगल दरबाराचे कारखाने लाहोर, आग्रा, फत्तेपूर व अहमदाबाद येथे असल्याची नोंद ‘आईन-इ-अकबरी’त आहे. काशीच्या विणकामाची घडण मात्र दरबारी कारखान्यापेक्षा बाजार, तीर्थयात्रा आणि मंदिरे यांच्या आधाराने झाली. मदनपुरा, अलईपुरा यांसारख्या मोहल्ल्यांतील विणकर, त्यांना काम देणारे गिरस्त, चौकाजवळच्या कुंजगलीतील गादीवर बसणारे व्यापारी आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून येणारे यात्रेकरू अशी ही रचना होती. येथे एकच एक आश्रयदाता नव्हता. म्हणून एकच एक नावही वस्त्रावर उमटले नाही.

तरीही सत्तेचा शिक्का काशीच्या कापडाला चुकला नाही. १६६५ मध्ये काशीस आलेला फ्रेंच जवाहीर व्यापारी ताव्हेर्निये याने तेथील एका सराईचे वर्णन केले आहे. त्या सराईत विणकर आपले सुती व रेशमी कापड थेट गिऱ्हाइकाला विकत, मध्यस्थ नसे. मात्र माल विक्रीला मांडण्याआधी इजारदाराकडून प्रत्येक ठाणावर बादशाही शिक्का उमटवून घ्यावा लागे आणि तसे न केल्यास दंड व फटके अशी शिक्षा होई. जिंगदेझेनच्या मुद्रेत सम्राट निर्मितीचा दावा करतो. काशीच्या शिक्क्यात तो कराचा दावा करतो. दोन्ही ठिकाणी वस्तूवर उमटते ते नाव हाताचे नव्हे.

किनखाबाच्या तंत्रात स्मृतीचे स्थान कोठे आहे, हे पाहणे येथे अगत्याचे ठरते. जाकार्ड यंत्र येण्यापूर्वी वस्त्रावरील नक्षी ‘नक्शा’त साठविलेली असे. नक्शाबंद कागदावरचे चित्र पाहून उभ्या-आडव्या दोऱ्यांची एक लहानशी बांधणी करी. मागावरच्या ताण्याचे कोणते धागे केव्हा उचलायचे, याची संपूर्ण माहिती त्या दोऱ्यांच्या गाठींत असे. ती बांधणी मागावरच्या जाळ्याशी जोडली, की वर बसलेला मदतनीस क्रमाने दोरे ओढी आणि विणकर खाली बाण्याचा धागा टाकी. ‘कढुआ’ पद्धतीत प्रत्येक बुट्टीसाठी वेगळी लहान तिल्ली वापरून नक्षी जणू भरतकामासारखी विणली जाते. त्यामुळे कापडाची उलट बाजूही स्वच्छ राहते. ‘फेकुआ’ पद्धतीत नक्षीचा धागा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत धावतो आणि मागे मोकळे राहिलेले धागे नंतर कातरले जातात. पहिलीत वेळ अधिक जातो, दुसरीत कमी. या फरकाचे मोल जाणकाराला कापड उलटे केल्यावरच कळते.

जिंगदेझेनच्या चित्रकाराप्रमाणे नक्शाबंदही साखळीतला एक दुवा होता. परंतु त्याच्याकडे संपूर्ण नक्षीचे ज्ञान होते. नक्शा हे ज्ञान साठविण्याचे आणि पुन्हा वापरण्याचे साधन असल्यामुळे तो एका अर्थाने वस्त्राचा लेखक ठरतो. विसाव्या शतकात अली हसन ऊर्फ कल्लू हाफिज हे या परंपरेतील नक्शाबंद कलाभ्यासकांच्या जगात नावाने ओळखले गेले. पुपुल जयकर यांनी १९६० च्या दशकात काशीच्या नक्शाबंदांवर लिहिले. या दोन गोष्टी घडायला विसावे शतक उजाडावे लागले. त्याआधीच्या पिढ्यांची नक्षी भारत कला भवनासारख्या संग्रहालयांत पाहता येते. ज्यांनी ती बांधली, त्यांची नावे बहुतांशी तेथेही नाहीत.

चीनचा संबंधही येथे वेगळ्या वाटेने येतो. संस्कृत साहित्याला ‘चीनांशुक’ हा शब्द कालिदासापासून परिचित आहे. एकोणिसाव्या शतकात ‘तनछोई’ हा प्रकार चीनमधून विद्या शिकून आलेल्या पारशी बंधूंमुळे सुरतेत रुजला, असे सांगितले जाते. सुरतेत तो लोपल्यावर काशीच्या मागांनी तो जगविला. कारागिरीच्या प्रवासाला राजमुद्रेची आवश्यकता नसते, याचे हे उदाहरण आहे. विद्या हातातून हातात जाते.

४

या पार्श्वभूमीवर मराठी साहित्यातील कारागीर आणि वैभववस्तू यांची प्रतिमा तपासता येईल. मराठी संतपरंपरेने कारागिराला जे स्थान दिले, ते असाधारण आहे. तेरचे गोरोबाकाका चिखल तुडविता तुडविता विठ्ठलाच्या नामात देहभान विसरतात. मडक्याचे कच्चेपण थापटीने ओळखणारा हा कुंभार संतांच्या मेळ्यात ज्ञानाच्या परीक्षेचा अधिकारी ठरतो. काशीच्या कबिराला मराठी भाविकाने परका मानले नाही. महिपतींनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’त त्याचे चरित्र विस्ताराने येते आणि त्यात माग, कापड व बाजार यांना जागा आहे. दुर्गाघाटाला लागूनच असलेल्या पंचगंगा घाटाशी कबीर व रामानंद यांची प्रसिद्ध आख्यायिका जोडलेली आहे. ज्या पेशवाईत दुर्गाघाट बांधला गेला, त्याच पेशवाईत महिपतींनी विणकर संताची कथा मराठीत आणली. या दोन घटना एकमेकींशेजारी ठेवून पाहण्याची सवय मात्र मराठी अभ्यासाला लागली नाही.

तथापि गोरोबांचे मडके साधे आहे, कबिराचे कापडही साधे आहे. संतसाहित्याने श्रमाला प्रतिष्ठा दिली ती श्रम हे भक्तीचे स्थान आहे म्हणून. घडलेल्या वस्तूच्या सौंदर्याकडे त्याने विशेष लक्ष दिले नाही. काम करता करता भान हरपणे हा तेथे गौरवाचा क्षण आहे. किनखाब विणणाऱ्याला एकही धागा चुकविता येत नाही, त्याचे भान हरपणे त्याला परवडत नाही. अवधानाचा हा दुसरा प्रकार संतचरित्राच्या आकृतिबंधात बसला नाही. परिणामी साध्या वस्तूच्या कारागिराला मराठीत संतपद लाभले आणि उंची वस्तूचा कारागीर साहित्याबाहेर राहिला.

दरबारी आणि ऐतिहासिक मराठी गद्यात परिस्थिती उलट आहे. तेथे उंची वस्त्र पावलोपावली भेटते, पण ते वस्त्र राहिलेले नसते. १७१३ मध्ये शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना पेशवेपदाची वस्त्रे दिली, असे मराठी वाचक सहज म्हणतो. ‘वस्त्रे मिळणे’ म्हणजे अधिकार मिळणे. वस्त्रांचा पोत, रंग, विणणारा, विणण्यास लागलेला काळ यांपैकी काहीही त्या शब्दप्रयोगात शिल्लक नाही. कापड पूर्णपणे चिन्ह झाले आहे. चिनी भांड्याच्या बुडाशी असलेल्या सहा अक्षरांचे मराठी प्रतिरूप शोधायचे झाल्यास ते या शब्दप्रयोगात सापडते. फरक एवढाच, की तेथे नाव वस्तूवर लिहिले गेले आणि येथे भाषेनेच वस्तूला नावात रूपांतरित केले.

आधुनिक कवितेने वस्त्राला पुन्हा वस्त्रपण दिले. शांता शेळके यांची ‘पैठणी’ ही कविता या दृष्टीने महत्त्वाची आहे. आजीच्या पैठणीचा स्पर्श, वास आणि घडी यांतून एका स्त्रीचे आयुष्य तेथे उलगडते. सत्तेचे चिन्ह झालेले वस्त्र घरातल्या माणसाच्या स्मृतीत परत येते, हे त्या कवितेचे मोठेपण आहे. तरीसुद्धा ही स्मृती नेसणारीची आहे. एका कवितेकडून सर्व काही मागणे अन्यायाचे होईल. परंतु मराठीतील शालू आणि पैठणी यांची बहुसंख्य वर्णने लग्न, माहेर, आजी आणि कपाटातील घडी यांच्याभोवती फिरतात. विणणाऱ्याचा माग त्यांत क्वचितच ऐकू येतो. दरबाराची मुद्रा पुसली गेली. तिच्या जागी कुटुंबाची मुद्रा उमटली.

५

पैठण आणि काशी यांचा संबंध या विवेचनाला आणखी एक परिमाण देतो. एकनाथांनी आपल्या भागवत-टीकेची समाप्ती शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, वाराणसीत केल्याचे ग्रंथातच नमूद आहे. काशीच्या विद्वत्तेवर दीर्घकाळ प्रभाव गाजविणारे भट्ट घराणेही सोळाव्या शतकात पैठणहूनच काशीस गेले; त्यातील नारायण भट्टांचा ‘त्रिस्थलीसेतु’ प्रसिद्ध आहे आणि गागाभट्ट हे त्याच वंशातले. पैठण ते काशी हा विद्येचा मार्ग मराठी अभ्यासकांनी तपशीलवार रेखाटला आहे. ही दोन्ही नगरे रेशीम व जर यांची केंद्रेही होती. पैठणीत पदरावरची नक्षी वेगवेगळ्या रंगांचे बाणे एकमेकांत गुंतवून विणली जाते आणि त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या दिसतात. काशीचा किनखाब अतिरिक्त बाण्याने नक्षी उठवितो. एकाच मराठी घरातील पेटीत विणकामाची ही दोन भिन्न तर्कशास्त्रे पैठणी व शालू या रूपांनी शेजारी शेजारी ठेवलेली असतात. शास्त्रीपंडितांच्या मार्गाचा जितका अभ्यास झाला, तितका या पेटीचा झाला नाही.

दुर्गाघाटावरील मराठी कुटुंबांच्या जीवनात हा संबंध अधिक निकटचा होता. सोवळ्यात रेशीम शुद्ध मानले जाते. पूजेला, श्राद्धाला आणि शुभकार्याला पीतांबर व रेशमी मुकटा लागतो. काशीत हे रेशीम ज्यांच्या मागावरून येई, ते विणकर बहुसंख्येने मुसलमान, मोमीन अन्सारी समाजातील होते. स्पर्शास्पर्शाचे नियम काटेकोरपणे पाळणाऱ्या घराचे सर्वांत पवित्र वस्त्र अलईपुऱ्यातील वा मदनपुऱ्यातील हातांनी विणलेले असे. शास्त्राने रेशमाला शुद्ध ठरविल्यामुळे विणणाऱ्याचा प्रश्न उपस्थित होण्याचे कारणच उरले नाही. ज्या नियमाने दोन समाजांतील देवघेव शक्य केली, त्याच नियमाने देणाऱ्याचे नाव अनावश्यक करून टाकले. येथील मौनामागे वैर नाही. ते सोयीचे मौन आहे, आणि सोयीचे मौन अधिक काळ टिकते.

१८१८ नंतर या चित्रात आणखी एक बदल झाला. पेशवाई संपल्यावर दुसऱ्या बाजीरावाचे बंधू चिमाजी अप्पा काशीस येऊन राहिले. अमृतरावांचेही काशीत वास्तव्य होते. सत्ता गेलेले आश्रयदाते घाटांवर उरले. जिंगदेझेनच्या भट्ट्या १८५५ मध्ये तैपिंग बंडाच्या धामधुमीत उद्ध्वस्त झाल्या आणि पुढे राजवटीच्या अस्ताबरोबर शाही मुद्रेचाही अस्त झाला. काशीच्या किनखाबाचे भवितव्य एका दरबाराशी बांधलेले नसल्यामुळे त्याने नवे गिऱ्हाईक शोधले. मध्यमवर्गीय मराठी वधूच्या अंगावर आलेला बनारसी शालू हे त्याचेच एक रूप होय. पैठणी मात्र पेशवे आणि निजाम यांच्या आश्रयावर अधिक अवलंबून होती. तिची परंपरा क्षीण झाली आणि विसाव्या शतकात येवला व पैठण येथे जाणीवपूर्वक प्रयत्न करून ती सावरावी लागली. आश्रय जितका केंद्रित, तितके वैभव उत्तुंग आणि तितकेच परावलंबी, असा निष्कर्ष या तुलनेतून काढता येतो.

६

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की आश्रयदात्याशिवाय ना घाट बांधला गेला असता, ना निळ्या-पांढऱ्या पोर्सलीनचे शिखर गाठले गेले असते. म्हणून नाव त्याचेच राहणे स्वाभाविक आहे. यातील पहिला भाग मान्य करावाच लागेल. अहिल्याबाईंनी काशीत मंदिर उभारले आणि महेश्वरात विणकरांना वसविले. दुसऱ्या कृतीमुळे महेश्वरी लुगड्याची परंपरा आजही जिवंत आहे. परंतु आश्रयाचे ऋण मान्य करणे आणि निर्मितीचे संपूर्ण श्रेय आश्रयदात्याला देणे या भिन्न गोष्टी आहेत. तांग यिंगचे उदाहरण सांगते, की शाही अधिकाऱ्यालाही हा भेद कळत होता.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. आनंद कुमारस्वामी यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय कारागिरावरील ग्रंथापासून पारंपरिक कलेतील अनामिकतेचा गौरव केला. कारागीर नाव सांगत नाही, कारण तो स्वतःला परंपरेचे माध्यम मानतो, असा या भूमिकेचा गाभा आहे. ही भूमिका उदात्त आहे, आणि मंदिरशिल्पाच्या काही क्षेत्रांत ती खरीही असेल. मात्र अर्पण केलेली अनामिकता आणि लादलेली अनामिकता यांत तिने भेद केला नाही. नाव स्वेच्छेने विसर्जित करणाऱ्याला आधी नाव असावे लागते. जिंगदेझेनच्या फोडून पुरलेल्या ढिगाऱ्यात किंवा ताव्हेर्नियेच्या सराईतील शिक्क्यात विसर्जनाचा भाव शोधणे म्हणजे व्यवस्थेच्या कठोरतेला अध्यात्माचे वस्त्र नेसविणे होय.

हा प्रश्न भूतकाळापुरता मर्यादित नाही. बनारसी साड्या व किनखाब यांना २००९ मध्ये आणि पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली. यंत्रमागावरच्या नकला आणि बाहेरून येणारे स्वस्त कापड यांच्यापुढे हातमागाला संरक्षण मिळावे, हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. या कायद्यात अधिकृत वापरकर्ता म्हणून उत्पादकाची नोंद करण्याची तरतूदही आहे. तरीही दुकानात गिऱ्हाईक नाव घेते ते स्थळाचे किंवा व्यापाऱ्याचे. सम्राटाच्या मुद्रेची जागा स्थळाच्या मुद्रेने घेतली आहे. मागावरचा हात अजूनही तिच्यामागे आहे. पुढची पिढी मागावर बसेल की नाही, हे मजुरीवर अवलंबून आहे आणि मजुरीचा प्रश्न नावाच्या प्रश्नापासून सर्वस्वी वेगळा नाही. ज्याचे काम नावाने ओळखले जात नाही, त्याच्या जागी दुसरा हात किंवा यंत्र बसविणे नेहमीच सोपे असते.

मराठी समीक्षेपुढे आणि इतिहासलेखनापुढे यातून एक निश्चित काम उभे राहते. मोडी दफ्तरांतील खर्चाचे कागद आजवर देणाऱ्याच्या दृष्टीने वाचले गेले : कोणी, कोणाला, किती किमतीची वस्त्रे दिली. तेच कागद मालाच्या दृष्टीने वाचता येतील : वस्त्र कोठून आले, कोणामार्फत, किती मुदतीत आणि कोणत्या दराने. काशीच्या यात्रावर्णनांत घाट व मंदिरे यांच्या जोडीला बाजारांच्या नोंदी शोधता येतील. संतचरित्रांतील माग व चाक यांना रूपकाच्या पलीकडे, तंत्र म्हणूनही पाहता येईल. या वाचनाने नारायण दीक्षितांचे वा अहिल्याबाईंचे मोठेपण उणावणार नाही. आधुनिक काशी मराठ्यांची निर्मिती आहे, या विधानातील ‘निर्मिती’ हा शब्द मात्र त्यामुळे अधिक प्रामाणिक होईल.

कढुआ आणि फेकुआ यांतील भेद ओळखण्यासाठी जाणकार आधी कापड उलटे करतो. चिनी भांडे हाती घेणाराही आधी त्याचे बूड पाहतो. परंतु तेथे त्याला सम्राट भेटतो. किनखाबाच्या उलट बाजूला कोणाचेच नाव नसते. तेथे असतात फक्त धागे, त्यांची वळणे आणि एखाद्या ठिकाणी मारलेली गाठ. दुर्गाघाटाची मराठी स्मृती आजवर सुलट बाजूने वाचली गेली. तिची दुसरी बाजू वाचण्याची साधने त्याच गल्ल्यांत, त्याच दफ्तरांत आणि मराठी घरांतल्या त्याच पेट्यांत आहेत.